रौप्य नाण्यांवरील नैसर्गिक झाक : तिची उत्पत्ती आणि परीक्षा

चांदीचे नाणे काळे पडते ही गोष्ट घराघरांत ठाऊक आहे; परंतु काळे पडण्यापूर्वी ते रंगीत होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सणावारी देव्हाऱ्यातील रुपया घासूनपुसून लख्ख करण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळे त्या मधल्या अवस्था प्रकट होण्यास अवकाशच मिळत नाही. याच्या उलट, जे नाणे टाकसाळीतून निघाल्यापासून व्यवहारात हाताळले गेले नाही आणि पन्नास-साठ वर्षे एकाच पिशवीत, एकाच पुठ्ठ्यात वा एकाच लाकडी खणात पडून राहिले, त्यावर फिकट सोनेरीपासून किरमिजी, निळ्या व हिरव्या रंगापर्यंतची झाक चढलेली आढळते. नाणेसंग्राहकांत या क्रियेला ‘टोनिंग’ असा शब्द रूढ आहे. अशी नाणी निवडून जमविणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग, विशेषतः अमेरिकेत, निर्माण झाला असून मनोहर झाकेच्या नाण्याला त्याच वर्षाच्या व त्याच प्रतीच्या पांढऱ्या नाण्याच्या अनेकपट किंमत मिळू शकते. जेथे किंमत आली तेथे नक्कलही आली. तेव्हा एखाद्या नाण्यावरील झाक आपोआप आलेली की मुद्दाम चढविलेली, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहत नाही. नाण्याने आपले आयुष्य कोठे व कसे घालविले, याचा तो प्रश्न होय. आणि असा पुरावा वाचणे हे नाणकशास्त्राच्या अभ्यासकाचे नित्याचेच काम आहे.

स्वच्छ व कोरड्या हवेचा चांदीवर सामान्य तापमानात म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. परंतु हवेत हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूचा लेशमात्र अंश असला आणि त्याला ओलाव्याची व प्राणवायूची जोड मिळाली, की चांदीच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचे पटल धरू लागते. हा गंधक कोळशाच्या धुरातून येतो, रबरातून येतो, लोकरीतून येतो, हलक्या प्रतीच्या कागदातून व पुठ्ठ्यातूनही येतो. अंड्याने चांदीचा चमचा काळवंडतो तो याच कारणाने. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. हे पटल म्हणजे नाण्यावर बाहेरून बसलेली धूळ नव्हे. त्यातील गंधक बाहेरचा असला तरी चांदी नाण्याचीच असते. म्हणून पटल काढून टाकणे याचा अर्थ नाण्याचा वरचा थर, तो कितीही पातळ असो, काढून टाकणे असाच होतो.

सिल्व्हर सल्फाइडचा स्वतःचा रंग काळपट आहे. मग किरमिजी व निळे रंग येतात कोठून? ते रंगद्रव्याचे रंग नव्हेत. ते प्रकाशाच्या व्यतिकरणाने उत्पन्न होतात. पटलावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पटलाच्या वरच्या पृष्ठावरून परततो व काही भाग आत शिरून खालच्या चांदीवरून परततो. हे दोन भाग पुन्हा एकत्र येतात तेव्हा त्यांच्या मार्गांतील फरकानुसार काही तरंगलांबीचा प्रकाश क्षीण होतो आणि उरलेल्या प्रकाशाचा रंग डोळ्यांना दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात पातळ पटलांच्या रंगांचे काळजीपूर्वक मापन दिले आहे. त्यांची तरंगवादी उपपत्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग याने मांडली. लोहाराला हा प्रकार ग्रंथावाचून माहीत असतो. पाणी दिलेली छिन्नी तो पुन्हा मंद आचेवर धरतो तेव्हा पोलादावर प्रथम गवती पिवळा, मग जांभळा आणि मग निळा रंग चढत जातो, व त्यावरून तो तापमान ओळखतो. तेथे पटल ऑक्साइडचे, येथे सल्फाइडचे. क्रम मात्र सारखाच.

हा क्रम हीच परीक्षकाची पहिली कसोटी होय. पटल अत्यंत पातळ, म्हणजे अवघ्या काही दहा नॅनोमीटर जाडीचे असते, तेव्हा प्रथम निळ्या टोकाकडील प्रकाश क्षीण होतो व नाणे फिकट सोनेरी दिसते. जाडी वाढली की हिरवा प्रकाश क्षीण होऊन किरमिजी-जांभळी झाक येते; त्यानंतर तांबडा प्रकाश क्षीण होऊन गडद निळी व पुढे आकाशी झाक येते. याहून जाडी वाढल्यास दुसरे आवर्तन सुरू होऊन पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी आणि नंतर हिरवा असे रंग दिसतात. शेवटी सल्फाइडचे प्रकाश शोषण्याचे सामर्थ्य प्रभावी ठरून नाणे करडे व अखेर काळे होते. खरा पाचूसारखा हिरवा रंग पहिल्या आवर्तनात नसतो. म्हणून ज्या नाण्यावर हिरवा पट्टा आहे पण त्याच्या आसपास आधीच्या रंगांचा मागमूस नाही, किंवा निळा पट्टा मधल्या किरमिजी पट्ट्यावाचून एकदम पांढऱ्या चांदीला भिडला आहे, त्याच्याकडे जाणता संग्राहक संशयाने पाहतो. जाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारून जात नाही. तेव्हा रंगांनीही उडी मारता कामा नये.

रंगाच्या जोडीला झळाळी असली तरच ही झाक सजीव दिसते. ठशाच्या आघाताने धातू कडेकडे सरकतो व पृष्ठावर केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहरेषा उमटतात. नाणे प्रकाशात फिरविले असता त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी जी चमक फिरताना दिसते ती या रेषांची. व्यवहारात घासलेल्या नाण्यावर रेषा उरत नाहीत, म्हणून त्याची झाक मंद व धुरकट वाटते. रंगीत नाण्यांचा शोध मुख्यतः अव्यवहृत नाण्यांतच का घेतला जातो, याचे कारण हे आहे.

आता अशी अव्यवहृत नाणी मोठ्या संख्येने टिकून राहण्याचा योग इतिहासात क्वचितच येतो. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलराच्या बाबतीत तो आला. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी कोषागारावर दरमहा २० ते ४० लक्ष डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन घातले. जॉर्ज मॉर्गन या शिल्पकाराने घडविलेले, ३८.१ मिलिमीटर व्यासाचे, २६.७३ ग्रॅम वजनाचे आणि हजारी ९०० कसाचे हे नाणे १८७८ पासून १९०४ पर्यंत आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडण्यात आले. लोकांना एवढी जड नाणी नकोच होती. ती हजार-हजारांच्या जाड कापडी पिशव्यांत भरून तळघरांत रचून ठेवण्यात आली व त्यांच्या जागी कागदी प्रमाणपत्रे फिरू लागली. नाणी पाडावयाची आणि लगेच कोंडून ठेवावयाची, हा अर्थशास्त्रदृष्ट्या विचित्र व्यवहार नाणेसंग्राहकांच्या मात्र पथ्यावर पडला.

यांतील पुष्कळशी नाणी पुढे नष्ट झाली, आणि त्या नाशाशी मुंबईचा प्रत्यक्ष संबंध आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली व सरकारी तिजोरीतील चांदी संपत आली. तेव्हा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेत पिटमन कायदा संमत होऊन त्यान्वये सुमारे २७ कोटी रौप्य डॉलर वितळविण्यात आले. त्यांतील बहुतेक चांदी ब्रिटनला विकण्यात येऊन हिंदुस्थानकडे रवाना झाली व येथील टाकसाळींत तिचे रुपये झाले. पंचम जॉर्जच्या त्या वर्षांच्या रुपयांत किती मॉर्गन डॉलर विरघळले आहेत हे रुपयाकडे पाहून सांगता येणार नाही. पण ते आहेत खास. जी नाणी वाचली त्यांच्या पिशव्या पुढील काळात टप्प्याटप्प्याने बाहेर आल्या. १९६२ पासून मागणीचा जोर एवढा वाढला की मार्च १९६४ मध्ये कोषागाराला प्रमाणपत्रांच्या बदल्यात रौप्य डॉलर देणे बंद करावे लागले. पिशव्या फोडल्यावर बहुसंख्य नाणी पांढरीच निघाली. परंतु जी कापडाला चिकटून होती ती रंगली होती.

या रंगलेल्या नाण्यांची ठेवण पाहण्यासारखी असते. कापडाकडे असलेली एकच बाजू रंगते. दुसरी बाजू शेजारच्या नाण्यांनी झाकलेली असल्याने पांढरी राहते. शेजारचे नाणे अर्धवट वर आलेले असेल तर त्याने झाकलेला भाग पांढरा व उघडा भाग रंगीत होऊन चंद्रकोरीची आकृती उमटते, आणि कोरीची वक्रता नेमकी डॉलराच्या कडेच्या वक्रतेशी जुळते. कधी कापडाच्या ताण्याबाण्याची जाळी रंगात उमटलेली दिसते. अक्षरे व तारे यांच्या उंचवट्यालगत कापड पृष्ठाला टेकत नाही, त्यामुळे तेथे रंगाची पायरी बदलते. थोडक्यात, रंगाच्या आकृतीवरून पिशवी डोळ्यांसमोर उभी करता येते. जिचे असे कारण सांगता येत नाही ती झाक कितीही मोहक असली तरी तिची साक्ष कच्चीच समजली पाहिजे.

पुठ्ठ्यातील झाक निराळी. १९३० नंतर अमेरिकेत वेट रेमंड यांच्या छापाचे पुठ्ठ्याचे संचय-ग्रंथ लोकप्रिय झाले. त्यांत नाणे पुठ्ठ्याच्या गोल छिद्रात बसे व दोन्ही बाजूंवर सरकत्या पारदर्शक पट्ट्या असत. गंधक पुठ्ठ्यातून, म्हणजे नाण्याच्या कडेकडून येई. परिणामी कडेला पटल सर्वांत जाड व मध्यभागी सर्वांत पातळ होऊन निळी, किरमिजी व सोनेरी अशी एकात एक वर्तुळे तयार होत. १९४७ ते १९५८ या काळात, १९५० चा अपवाद सोडून, अमेरिकी टाकसाळीने त्या त्या वर्षाच्या अव्यवहृत नाण्यांचे संच पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून विकले. त्या पुठ्ठ्यातील गंधकामुळे या संचांतील नाणी झाकेविषयी प्रसिद्ध आहेत. १९५९ पासून वेष्टन बदलून प्लॅस्टिकचे झाले आणि ही परंपरा खंडित झाली. युरोपातील जुन्या संग्रहांत नाणी महोगनी लाकडाच्या उथळ खणांत ठेवीत. तेथील झाक सौम्य, समान व करडी-निळसर असते. तिला भडक रंगांचा मोह नाही, आणि जाणकारांच्या दृष्टीने तिची प्रतिष्ठाही कमी नाही. तांब्याच्या व काशाच्या नाण्यांनाही झाक येते, सोन्याच्या नाण्यांतील मिश्रधातूमुळे त्यांवरही क्वचित येते. परंतु चांदीइतका रंगांचा विस्तार त्यांत सहसा नसतो.

एके काळी हीच झाक दोष मानली जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असंख्य अमेरिकी संग्राहकांची पसंती पांढऱ्याशुभ्र नाण्याला होती आणि आम्लयुक्त थायोयुरियाच्या द्रावणात नाणी बुडवून काढणे हा सर्वमान्य उपचार होता. पहिल्या बुडवणीत नाणे खरोखरच उजळते. मात्र प्रत्येक वेळी सल्फाइडबरोबर त्यातील चांदी जाते, प्रवाहरेषांच्या धारा बोथट होतात, आणि पुनःपुन्हा बुडविलेले नाणे पांढरे असूनही निस्तेज, जणू पिठूळ दिसू लागते. राखेने वा रांगोळीने घासण्याचा परिणाम याहून वाईट. कारण तेथे द्रावणाऐवजी सूक्ष्म ओरखडेच पृष्ठ खाऊन टाकतात. आज मूळ पृष्ठाच्या रंगीत नाण्याला जो मान मिळतो त्याचे एक कारण हे आहे की अशा नाण्याने धुलाई चुकविलेली असते. निदान तशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा फोल ठरविणे अवघड नाही. धुऊन पांढऱ्या केलेल्या नाण्यावर गंधकाच्या क्षारांचे द्रावण फिरविले, किंवा ते गंधकयुक्त कागदात गुंडाळून मंद उष्णता दिली, तर काही मिनिटांत वा काही दिवसांत रंग चढतो. अडचण अशी की चढलेले पटलही सिल्व्हर सल्फाइडचेच असते. पिशवीत ७० वर्षांत झालेले सल्फाइड आणि भट्टीत दुपारभरात झालेले सल्फाइड यांत रासायनिक भेद नाही, आणि प्रयोगशाळेतील पृथक्करण या ठिकाणी सहसा निर्णायक ठरत नाही. क्वचित क्लोरीन वा आयोडीन आढळून संशय बळावतो. तथापि समुद्रकाठच्या हवेने आणि हाताच्या घामानेही क्लोराइड येऊ शकते, हे मुंबई-कोकणातील अभ्यासकास निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा परीक्षकाला पदार्थाकडून परिस्थितीकडे वळावे लागते. रंगांचा क्रम बरोबर आहे काय, झाक प्रवाहरेषांवर बसली आहे की ओरखड्यांच्या आत गोळा झाली आहे, तिची आकृती एखाद्या ज्ञात साठवणुकीशी जुळते काय, आणि त्या वर्षाचे ते नाणे तशा साठवणुकीत असण्याचा संभव होता काय, हे पाहावयाचे. ओरखड्याच्या तळाशी शेजारच्यासारखाच रंग असेल तर ओरखडा आधीचा व झाक नंतरची. उत्खननातील थरांचा जो न्याय, तोच येथे.

अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी सत्तर अंकांची श्रेणी सुचविली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावण्यात आली. १९८६ मध्ये ‘प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस’ व १९८७ मध्ये ‘न्युमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन’ या संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून, श्रेणी लिहून, ते प्लॅस्टिकच्या मोहोरबंद कवचात घालून देतात, आणि रंग शंकास्पद वाटल्यास अंकित श्रेणी नाकारतात. या व्यवस्थेने खरेदीदाराचे पुष्कळ संरक्षण झाले यात संशय नाही. परंतु श्रेणी मिळणे म्हणजे झाक नैसर्गिक असल्याचे सिद्ध होणे नव्हे. परीक्षक वस्तुतः एवढेच म्हणत असतो की, ही झाक बाजारात स्वीकारली जाण्याजोगी आहे. या दोन विधानांतील अंतर विक्रेते बोलत नाहीत. शिवाय ‘नैसर्गिक’ या शब्दाची सीमाही वाटते तितकी स्पष्ट नाही. एखाद्याने रंग यावा याच हेतूने नाणे जुन्या पुठ्ठ्यात घालून दहा वर्षे खिडकीत ठेवले, तर क्रिया नैसर्गिक आणि हेतू कृत्रिम. रसायनशास्त्र हेतू मोजू शकत नाही.

हिंदुस्थानी नाण्यांच्या बाबतीत परिस्थिती बरीच वेगळी आहे. १९४० पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा व बारा भागांत अकरा भाग चांदीचा होता. त्यानंतर तो निम्म्या चांदीचा झाला व उरलेल्यात तांबे, निकेल व जस्त आले. जुन्या कसाच्या रुपयावर चांगली झाक येऊ शकते. परंतु येथे रुपया एक तर व्यवहारात झिजला, नाही तर दागिन्यासाठी आटला, किंवा पूजेत हळद-कुंकू व नंतर चिंच-रिठा यांच्या चक्रात सापडला. भूमिगत निधींतील प्राचीन चांदीचा प्रश्न तर आणखी निराळा. मातीतील क्षारांनी तिच्यावर सल्फाइडपेक्षा क्लोराइडचे व मिश्रणातील तांब्याच्या हिरव्या क्षारांचे जाड थर बसतात, आणि नाणे वाचण्यासाठी ते काढावेच लागतात. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक रौप्य नाणी मिळाली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. क्षहरातांच्या पराभवाचा हा अत्यंत बोलका पुरावा वरच्या छापाखाली पुसट उरलेल्या जुन्या छापावर अवलंबून आहे. असे नाणे चकचकीत होईतो घासले तर जो पहिला नाहीसा होईल तो हा खालचा छाप. साफसफाई कोठे थांबवावी याचे उत्तर म्हणून प्रत्येक नाण्यापाशी नव्याने शोधावे लागते. झाकेच्या संग्राहकाचा ‘काहीच करू नये’ हा नियम येथे जशाचा तसा लागू पडत नाही.

मात्र साठवणुकीविषयी दोघांचे हित एकच आहे. झाक ही स्थिर अवस्था नव्हे. गंधक व ओलावा मिळत राहिले तर आजचे निळे नाणे पुढे करडे व मग काळे होणारच. दमट पावसाळ्याच्या प्रदेशात हे लवकर होते. श्रेणी-संस्थांची कवचेही पूर्णतः वायुरोधी नसतात. रबराची पट्टी एका हंगामात नाण्यावर काळी रेघ उमटविते. मऊ व्हिनिल प्लॅस्टिकच्या पाकिटांतून पाझरणारा पदार्थ नाण्यावर हिरवट, चिकट लेप धरतो. तो ॲसिटोनने निघतो व त्याने सल्फाइडच्या झाकेस धक्का लागत नाही, परंतु तो फार दिवस राहिल्यास खालची चांदी व तांबे खरवडले जातात. कपाटाचे लाकूड, कापड वा रंग निर्धोक आहे की नाही हे पाहण्यासाठी ब्रिटिश म्यूझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक साधी कसोटी दिली. तिच्या आज रूढ असलेल्या स्वरूपात चांदी, शिसे व तांबे यांचे तुकडे त्या पदार्थासह थोड्या पाण्याबरोबर बंद नळीत ६० अंश सेल्सिअस तापमानात २८ दिवस ठेवतात. चांदीचा तुकडा रंगला तर पदार्थातून गंधक निघत आहे असे समजावयाचे. विद्यापीठाच्या सामान्य प्रयोगशाळेतही ही कसोटी करता येते, आणि नाण्यांसाठी नवे कपाट घेण्यापूर्वी ती करून पाहणे मुळीच खर्चाचे नाही.

एक अडचण उरते ती मूळ वेष्टनाची. १९५० च्या दशकातील संच त्याच्या पुठ्ठ्यासह मिळाला तर तो पुठ्ठाच झाकेच्या अस्सलपणाचा सर्वांत सबळ साक्षीदार ठरतो. पण तोच साक्षीदार रोज थोडा थोडा गंधक सोडून नाण्याचा रंग पुढे ढकलीत असतो. अशा वेळी नाणी वेगळी करून निष्क्रिय पॉलिएस्टरच्या आवरणात ठेवावी, पुठ्ठा दुसऱ्या खणात ठेवावा, दोहोंवर एकच क्रमांक घालावा, आणि कोणते नाणे पुठ्ठ्यातील कोणत्या छिद्रात, कोणती बाजू वर करून बसले होते याची नोंद व छायाचित्र वेगळे करण्याआधीच घ्यावे. पिशवीचे, कागदी पुडीचे आणि जुन्या लाकडी खणाचेही तसेच.